ग्राफीनवरचा थेंब सकाळी पसरट, संध्याकाळी फुगीर

पीएच.डी. करणाऱ्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न थोडक्यात असा आहे: तांब्याच्या पातळ पत्र्यावर सीव्हीडीने (बाष्पातून थर वाढवायच्या पद्धतीने) वाढवलेल्या ग्राफीनवर, म्हणजे कार्बनच्या एक अणू जाडीच्या थरावर, ती पाण्याचा संपर्क कोन मोजते आहे. थेंबाची कड पृष्ठभागाशी करते तो हा कोन: थेंब पसरट तर लहान, फुगीर तर मोठा. नमुना भट्टीतून काढल्यावर लगेच मोजला तर कोन ५० अंशांच्या आसपास येतो, संध्याकाळी ७० च्या पुढे जातो, आठवड्याने ८० च्या वर. कोन मोजायचा गोनिओमीटर तपासून झाला, पाणीही बदलून झालं. शोधनिबंध पाहावेत तर कुठे ग्राफीन पाणी झटकणारं, कुठे पाण्याशी जमवून घेणारं. मग खरं काय? शिवाय मोलिब्डेनम डायसल्फाइड या दुसऱ्या थरदार पदार्थावर थायॉलची (–SH गट असलेल्या सेंद्रिय रेणूची) प्रक्रिया केल्यावर कोन बदलला, तर रेणू पृष्ठभागाला बांधला गेला असं प्रबंधात लिहिता येईल का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो: नाही, एवढ्यावर लिहू नका. का, ते पहिल्या प्रश्नाच्या उत्तरातच येईल.

तुमचा गोनिओमीटर ठीक असावा. सकाळचा आणि संध्याकाळचा, दोन्ही आकडे बरोबर असण्याची शक्यता दांडगी आहे. फक्त ते एकाच पृष्ठभागाचे नाहीत. सकाळी तुम्ही बऱ्यापैकी उघडं ग्राफीन मोजलंत आणि संध्याकाळी त्यावर हवेतून येऊन बसलेला हायड्रोकार्बनचा थर. हा थर जेमतेम रेणूभर जाडीचा असतो, डोळ्यांना दिसत नाही, साध्या सूक्ष्मदर्शकालाही दिसत नाही. पाण्याला मात्र तो लगेच कळतो.

हे इतक्या लवकर कसं होतं, यावर नव्या मुलांचा विश्वास बसत नाही, म्हणून एक हिशेब करून दाखवतो. प्रयोगशाळेच्या हवेत एखाद्या सेंद्रिय बाष्पाचं प्रमाण अब्जात एक भाग आहे असं धरा. हे काही फार घाण हवेचं लक्षण नाही. त्या बाष्पाचा अंशदाब झाला ७६० टॉरचा (वातावरणाच्या दाबाचा) अब्जांश, म्हणजे ७.६ × १०⁻⁷ टॉर. निर्वातात काम करणाऱ्यांना तोंडपाठ असलेली गोष्ट अशी की १०⁻⁶ टॉर दाबाला, आदळणारा प्रत्येक रेणू चिकटला तर साधारण एका सेकंदात एकेरी थर भरतो. म्हणजे अब्जात एक भागालासुद्धा हिशेब काही सेकंदांचाच येतो. प्रत्यक्षात मिनिटं आणि तास लागतात, कारण लहान रेणू बसतात तसे उठूनही जातात आणि लांब, जड रेणू हवेत फार थोडे असतात. पण ते बसले की उठत नाहीत. सुरुवातीला हलके रेणू जागा धरतात, हळूहळू जड रेणू त्यांना हटवून तिथे बसतात. तुमचा कोन पहिल्या तासात भराभर आणि मग आठवडाभर रेंगाळत का वाढतो, याचं माझ्या मते हेच कारण आहे.

या विषयावरचं वाचायलाच हवं असं काम २०१३ चं, पिट्सबर्ग विद्यापीठातल्या हैताओ लिऊ आणि लेई ली यांच्या गटांचं. त्यांनी तांब्यावरचं ताजं ग्राफीन भट्टीतून काढल्यापासून मिनिटभरात मोजलं तेव्हा कोन सुमारे ४४ अंश आला. दिवसभरात तो ८० च्या आसपास जाऊन थांबला. त्याच वेळी इन्फ्रारेड वर्णपटात २९३० आणि २८५० प्रति सेंटिमीटरच्या जवळ दोन शिखरं उगवताना दिसली. ही –CH₂– गटांच्या ताणकंपनांची ओळखीची जोडी आहे. ग्राफीनमध्ये हायड्रोजन नसतो, त्यामुळे ही शिखरं बाहेरून आलेल्या पाहुण्यांचीच. नमुना तापवल्यावर किंवा जपून अतिनील-ओझोन दिल्यावर कोन पुन्हा खाली आला. ग्राफाइटचंही तसंच: टेपने नुकताच सोललेला ग्राफाइट ६४ अंशांच्या आसपास, काही दिवस हवेत ठेवलेला ९० च्या घरात. मोलिब्डेनम डायसल्फाइड ताजं असताना ६९ च्या आसपास आणि नंतर तेही ९० कडे सरकतं. तीन वेगळे पदार्थ, आणि शिळे झाले की तिघांचे आकडे जवळजवळ येतात. मला तरी यापेक्षा बोलका पुरावा दुसरा नको. खालचा पदार्थ कुठलाही असो, वरची घाण एकाच जातीची आहे.

आकड्यांचा अर्थही बघून ठेवा. पाण्याचा पृष्ठताण २० अंश सेल्सिअसला ७२.८ मिलिन्यूटन प्रति मीटर. आसंजनाचं कार्य, म्हणजे पाणी पृष्ठभागापासून सोडवायला लागणारी ऊर्जा, काढायचं तर तो (१ + कोनाची कोसाइन) ने गुणायचा. ४४ अंशांना सुमारे १२५ मिलिज्यूल प्रति चौरस मीटर येतात, ८० अंशांना सुमारे ८५. म्हणजे पाणी आणि पृष्ठभाग यांच्या ओढीतला एक तृतीयांश वाटा एका अदृश्य थराने खाल्ला. याला किरकोळ दुरुस्ती म्हणता येणार नाही.

शोधनिबंध एकमेकांशी का भांडतात, याचंही मूळ इथेच आहे. ग्राफाइट पाणी झटकतो ही समजूत फार जुनी. १९४० मध्ये फोक्स आणि हार्किन्स यांनी ८६ अंशांच्या आसपासचा आकडा दिला आणि पाठ्यपुस्तकांनी तो उचलला. १९८० मध्ये माल्कम श्रेडर यांनी अतिनिर्वातात सोललेल्या ग्राफाइटवर ३५ अंशांच्या आसपास कोन मोजला. तो निबंध फारसा कुणी मनावर घेतला नाही, निर्वातातली गोष्ट निर्वातात, असं म्हणून सोडून दिला. मग २०१२ मध्ये अमेरिकेतल्या रेन्सेलर पॉलिटेक्निकच्या निखिल कोरटकर आणि राइस विद्यापीठाच्या पुलिकल अजयन यांच्या गटांनी ग्राफीनची ‘ओलेपणाची पारदर्शकता’ मांडली: तांबं, सोनं, सिलिकॉन यांवर एकेरी ग्राफीन घातलं तरी पाण्याचा कोन फारसा बदलत नाही, काचेवर मात्र बदलतो. कल्पना सुरेख होती. त्याच वर्षी एमआयटीतल्या गटाने हिशेब करून दाखवलं की ही पारदर्शकता अर्धवटच असणार. पण माझ्या मते खरा पेच वेगळाच होता. खालच्या तांब्याचा कोन त्या प्रयोगात ८६ अंशांच्या आसपास होता आणि खरोखर स्वच्छ धातूवर पाणी असं फुगून बसत नाही, ते पसरतं. सोन्याबद्दल हाच वाद आधी कित्येक वर्षं चालला आणि स्वच्छ सोनं पाण्याने भिजतं, यावर मिटला. मग ग्राफीनसह आणि ग्राफीनविना कोन सारखाच येतो, याचा एक साधा अर्थ असाही निघतो की दोन्हींवर सारखाच थर होता. खालचा धातू ग्राफीनमधून थोडाफार जाणवतो हे मी नाकारत नाही. ताज्या ग्राफीनचे ४४ आणि ताज्या ग्राफाइटचे ६४, या फरकात तांब्याचा हात असू शकतो. किती, हे ठरवायला आधी दोन्ही पृष्ठभाग स्वच्छ हवेत.

आता हा थर नेमका कशाचा? इथे रसायनशास्त्र खरं रंगतं. सरळ साखळीच्या अल्केनमध्ये एक सोडून पुढच्या कार्बनपर्यंतचं अंतर सुमारे ०.२५४ नॅनोमीटर आणि ग्राफाइटच्या जाळीचं पुनरावृत्तीचं अंतर ०.२४६ नॅनोमीटर. जवळजवळ तंतोतंत. त्यामुळे साखळी जाळीवर आडवी पडली की प्रत्येक –CH₂– ला सोयीची जागा मिळते आणि व्हॅन डर वाल्सची ओढ गटागटाने वाढत जाते. एक-एक ओढ क्षुल्लक, पण वीस-पंचवीस कार्बनांची साखळी झाली की खोलीच्या तापमानाला ती उठण्याचं नाव घेत नाही. २०२२ मध्ये बुडापेस्टच्या गटाने दाखवलं की हवेत ठेवलेल्या ग्राफीन, ग्राफाइट आणि इतर थरदार पदार्थांवर २० ते २६ कार्बनांचे सरळ अल्केन शिस्तीत ओळीने बसतात. अणुबल सूक्ष्मदर्शकात काही नॅनोमीटर अंतराच्या समांतर पट्ट्या दिसतात त्या याच. बऱ्याच जणांनी या पट्ट्यांना आधी जमलेला नायट्रोजन किंवा जाळीचाच गुणधर्म समजून निबंध लिहिले होते. तुमच्या नमुन्यावर अशा पट्ट्या दिसल्या तर हुरळून जाऊ नका.

बुरशी, धूळ, हाताचा घाम यांवर लोक लक्ष ठेवतात. हे रेणू मात्र कुठून येतात याकडे कुणाचं लक्ष नसतं. रोटरी पंपाचं तेल मागे सरकून निर्वात डेसिकेटरमध्ये येतं. डेसिकेटरच्या कडेला लावलेलं ग्रीस, पॅराफिल्म, प्लास्टिकची पेट्री डिश हे सगळे गुन्हेगार. नमुने ठेवायच्या जेलच्या डब्या तर सर्वांत वाईट, त्यातून सिलॉक्झेन (सिलिकॉन-ऑक्सिजनच्या साखळीचं संयुग) नमुन्यावर चढतं आणि ते अल्केनपेक्षाही चिवट. पीडीएमएस या रबरासारख्या पॉलिमरच्या ठशाने थर उचलून ठेवत असाल तर तीच गत. आपल्याकडची खास भर म्हणजे कपाटातल्या डांबरगोळ्या: नॅफ्थलीनची दोन कडी ग्राफीनवर आडवी पडायला अगदी तयार. आणि दसऱ्याला यंत्रांची पूजा करून गोनिओमीटरसमोर उदबत्ती लावली असेल तर त्या आठवड्याचे आकडे जरा बाजूला ठेवा. श्रद्धेला माझा विरोध नाही, उदबत्ती व्हरांड्यात लावा एवढंच म्हणणं आहे. क्लीनरूममध्ये असं होणार नाही, असंही समजू नका. हेपा फिल्टर धुळीचे कण अडवतो, बाष्प अडवत नाही. त्यासाठी सक्रिय कोळशाचे फिल्टर लागतात.

एक गंमत पावसाळ्याची. पुण्या-मुंबईत जुलैमध्ये केलेली मोजमापं आणि एप्रिलमधली मोजमापं जुळत नाहीत, अशी कुरकुर तुमच्या आधीच्यांनीही केली असेल. पिट्सबर्गच्याच गटाने पुढे दाखवलं की हवेत आर्द्रता जास्त असेल तर ग्राफाइटवर हायड्रोकार्बन बसण्याचा वेग मंदावतो, कारण पाण्याचा पातळ थर आधीच जागा धरून असतो. म्हणजे दमट हवेत तुमचा नमुना जास्त वेळ ताजा राहू शकतो. सगळे जण पावसाळ्याला शिव्या देतात, इथे तो उपयोगी पडतो. यातूनच साठवणुकीचा उपाय निघतो: ताजा ग्राफाइट काचेच्या स्वच्छ भांड्यात अतिशुद्ध पाण्याखाली ठेवा, डेसिकेटरमध्ये नको. तांब्यावरच्या ग्राफीनला मात्र हा उपाय फार वेळ लावू नका, थराच्या भेगांतून पाणी तांब्यापर्यंत पोचतं आणि ते ऑक्सिडाइझ होतं.

साफ करायचं कसं, हे तुम्ही विचारलेलं नाही पण विचारणारच आहात. तापवणं हा सर्वांत सरळ मार्ग. २०१३ च्या कामात ५५० अंश सेल्सिअसला आर्गॉनमध्ये तापवलं होतं. पण भट्टी उघडताक्षणी घड्याळ चालू होतं हे विसरू नका, आणि भट्टीची नळी याआधी कुणी पॉलिमर जाळायला वापरली असेल तर स्वच्छतेऐवजी नवं लेपन मिळेल. अतिनील-ओझोनमध्ये मोठा सापळा आहे. ओझोन आधी हायड्रोकार्बन खातो, मग ग्राफीनकडे वळतो. कोन २० अंशांवर आला म्हणून लोक खूश होतात आणि प्रत्यक्षात ग्राफीनवर ऑक्सिजनचे गट बसलेले असतात. दर वेळी रामन वर्णपट घ्या, त्यात ग्राफीनच्या जाळीतले दोष दिसतात. १३५० प्रति सेंटिमीटरचं डी शिखर वाढलं असेल तर तो कोन स्वच्छ ग्राफीनचा नाही, जखमी ग्राफीनचा आहे.

ग्राफीन पीएमएमए या प्लास्टिकच्या आधाराने सिलिकॉनवर हलवलेलं असेल तर वेगळीच कटकट. अ‍ॅसिटोनमध्ये रात्रभर बुडवलं तरी एक-दोन नॅनोमीटरचा चिकटा राहतो. हायड्रोजन-आर्गॉनमध्ये ३००–३५० अंशांना तापवलं की बराचसा जातो, सगळा जात नाही. साखळ्या तुटताना तयार झालेले तुकडे ग्राफीनच्या दोषांशी बंध जुळवून कायमचे तिथेच राहतात. म्हणून हलवलेल्या ग्राफीनच्या कोनावर मी ‘ग्राफीनचा कोन’ असं लिहीत नाही, तो पीएमएमएशी वाटून घेतलेला कोन असतो. विद्युत उपकरणं बनवणाऱ्यांनी यातून वाट काढली ती हेक्सागोनल बोरॉन नायट्राइड या थरदार विद्युतरोधकाच्या दोन थरांत ग्राफीन बंद करून. दोन स्वच्छ थर एकमेकांना इतके घट्ट ओढतात की मधली घाण ढकलली जाऊन एका जागी गोळा होते. मोबाइलला स्क्रीनगार्ड लावताना हवा सरकून फुगा येतो, अगदी तसं. फुगे टाळून उपकरण मधल्या सपाट भागावर काढायचं. मात्र रसायनशास्त्रज्ञाला हा मार्ग बंद, आपल्याला पृष्ठभाग उघडाच लागतो.

हे सगळं फक्त थेंबापुरतं नाही. वॉरिक विद्यापीठात पॅट्रिक उनविन यांच्या गटाने २०१२ मध्ये दाखवलं की ताज्या सोललेल्या ग्राफाइटचा सपाट भाग इलेक्ट्रॉन देवाणघेवाणीत चांगला चपळ असतो आणि हवेत राहिला की मंदावतो. कित्येक वर्षं हा भाग निष्क्रिय आणि सगळं काम कडांचं, असं मानलं जात होतं. अणुथर निक्षेपणात (एकेक अणुथर चढवत लेप देण्याच्या पद्धतीत) अ‍ॅल्युमिना सपाट ग्राफीनवर धरत नाही, पायऱ्यांवर आणि दोषांवर धरतो, हे खरं. पण कुठे अनपेक्षितपणे धरला तर आधी तिथे काय चिकटलं होतं ते शोधा.

आता तुमच्या थायॉलकडे. मोलिब्डेनम डायसल्फाइडच्या सपाट पृष्ठभागावरचे गंधक अणू तृप्त असतात, त्यांना नवा बंध नको असतो. बंध जुळायचा तर गंधकाच्या रिकाम्या जागांवर, आणि सोललेल्या नमुन्यात त्या दर चौरस सेंटिमीटरला १०¹³ च्या घरात असतात. आकडा मोठा वाटतो, पण पृष्ठभागावरचे गंधक अणू दर चौरस सेंटिमीटरला १०¹⁵ च्या आसपास आहेत. म्हणजे शंभरात एखादी जागा. सगळ्या जागा भरल्या तरी जेमतेम एक टक्का पृष्ठभागाचा कोनावर किती परिणाम होईल? तुमचा कोन ठळकपणे बदलला असेल तर मला उलट शंका येते की थायॉल बांधलं गेलेलं नाही, थरावर आडवं पडलंय. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातल्या गटाने २०१६ च्या सुमारास सिस्टीन (–SH गट असलेलं अमिनो आम्ल) घेऊन हेच तपासलं. दोन सिस्टीन रेणू एकमेकांशी जुळून डायसल्फाइड झालं आणि ते पृष्ठभागावर नुसतं बसलं. मोलिब्डेनमशी बंध जुळल्याचा पुरावा मिळाला नाही. ब्यूटिललिथियमने सोललेल्या १टी प्रकारावर, म्हणजे अणूंची मांडणी वेगळी असलेल्या धातूसारख्या प्रकारावर, गोष्ट वेगळी. तिथे पृष्ठभागावर जादा इलेक्ट्रॉन असतात आणि सहसंयुज बंध खरोखर जुळवता येतो. तुमचा नमुना २एच, म्हणजे नेहमीचा अर्धवाहक प्रकार, आहे ना, ते आधी सांगा.

एक्सपीएसमध्ये (क्ष-किरणांनी इलेक्ट्रॉन बाहेर काढून अणू कसा बांधलेला आहे ते ओळखण्याच्या पद्धतीत) बघू म्हणाल, तर तिथेही फसगत आहे. धातूला बांधलेल्या थायॉलच्या गंधकाचं २पी शिखर १६२ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास येतं आणि मोलिब्डेनम डायसल्फाइडचं स्वतःचं गंधकही तिथेच. मोठ्या शिखराखाली लहान शिखर बसवून सॉफ्टवेअर तुम्हाला हवं ते दाखवील. न बांधलेलं थायॉल किंवा डायसल्फाइड १६३.५ ते १६४ च्या भागात जातं, तिथे खांदा दिसला तर तो मात्र काहीतरी सांगतो, आणि बहुधा तुम्हाला न आवडणारं सांगतो. कार्बनच्या शिखरालाही भुलू नका. मोलिब्डेनम डायसल्फाइडमध्ये कार्बन नसतो, पण हवेत ठेवलेल्या प्रत्येक नमुन्यावर कार्बन दिसतोच. तुमच्या थायॉलचा कार्बन कुठला आणि हवेतला कुठला, हे शिखर सांगत नाही.

म्हणून माझा आग्रह नियंत्रण प्रयोगांचा. डोडेकेनथायॉल वापरत असाल तर एक नमुना साध्या डोडेकेनच्या द्रावणात तेवढाच वेळ ठेवा, एक नुसत्या द्रावकात, एक नुसता हवेत. चारही नमुने एकाच तुकड्याचे, एकाच दिवशी सोललेले हवेत. चारही सारखेच धुवा आणि सारख्याच वेळाने मोजा. डोडेकेनचा आणि थायॉलचा कोन सारखाच आला तर –SH गटाने काही केलेलं नाही. मग नमुने हळूहळू तापवून वस्तुमान वर्णपटमापकावर बघा, रेणू कुठल्या तापमानाला निघतो. नुसता बसलेला लवकर निघतो, बांधलेला उशिरा आणि बहुधा तुटून.

मोजण्याच्या सवयींबद्दल दोन गोष्टी. रोज सकाळी पहिला थेंब नमुन्यावर टाकू नका, ताज्या सोललेल्या ग्राफाइटवर टाका, मिनिटभराच्या आत. ६५ च्या आसपास आला तर पुढे जा. ८० आला तर खोलीची हवा, टेप किंवा सिरिंज यांपैकी कशात तरी खोट आहे. तो दिवस निबंध वाचण्यात घालवा. दुसरी म्हणजे प्रत्येक कोनापुढे हवेत उघडल्यापासूनची वेळ आणि खोलीची आर्द्रता लिहा, आणि पुढे सरकणारा (थेंब वाढवताना) व मागे हटणारा (थेंब शोषून घेताना) असे दोन्ही कोन द्या. एकाच स्थिर थेंबाचा कोन देऊन मोकळं होण्याची सवय मोडा. मागे हटणारा कोन फार खाली आला तर घाण ठिकठिकाणी बेटांसारखी बसलेली असण्याची शक्यता आहे.

प्रबंधातल्या तक्त्यात ‘ग्राफीनचा संपर्क कोन’ असा एकच रकाना असेल तर त्याचे दोन करा: मिनिटभरात मोजलेला आणि दिवसभराने मोजलेला. परीक्षकाने विचारलं की यातला खरा कुठला, तर दोन्ही खरे आहेत, पहिला ग्राफीनचा आणि दुसरा तुमच्या प्रयोगशाळेचा. थायॉलचं प्रकरण मात्र डोडेकेनचा नमुना मोजून होईपर्यंत लिहायला घेऊ नका.